गरोदरपणात व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह आलं, त्यानंतरचं वर्ष

जुलै २०२५ मध्ये माझी वर्षाची रक्ततपासणी झाली आणि डॉक्टरांनी केसपेपरवर ‘उपचार पूर्ण’ असं लिहून खाली सही केली. लिहायला बसायचं मी त्याच दिवशी ठरवलं. आदल्या वर्षी, गरोदर असताना, मला सिफिलिस हा गुप्तरोग असल्याचं कळलं (व्हीडीआरएल ही त्याचीच रक्ततपासणी), तेव्हा मोबाइलवर मराठीत शोधत बसले होते. सापडल्या त्या नुसत्या ‘हमखास इलाज’वाल्या जाहिराती आणि बघवणार नाहीत असे फोटो. कोणत्या खिडकीवर जायचं, नवऱ्याला कसं सांगायचं, पोटातल्या बाळाचं काय होईल, हे कुठेच नव्हतं. आमच्याकडे, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या डोंगरपट्ट्यात, बाई असलं दुखणं आईलाही सांगत नाही. म्हणून सगळं क्रमाने लिहिते. गावाचं नाव आणि दवाखान्यांची नावं घालत नाही.

मी वारली आहे. बारावीपर्यंत आश्रमशाळेत शिकले. नंतर नवऱ्यासोबत भिवंडीत राहिले, एका गोदामात पॅकिंगचं काम करत होते. जून २०२४ मध्ये पेरणीसाठी आम्ही गावी आलो तेव्हा मला चौथा महिना संपत आला होता. पेरणी उरकून तो परत कामावर गेला, आवणीला, म्हणजे भातलावणीला, येतो म्हणाला. मी सासूजवळ राहिले.

आशाताईने पहिल्याच आठवड्यात नाव नोंदवून घेतलं. महिन्यातून एकदा अंगणवाडीत आरोग्य-पोषण दिवस असतो, उपकेंद्राची सिस्टर येते. तो २६ जूनला होता. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन (माझं ९.२ भरलं), लघवी, आणि शेवटी बोटाला सुई टोचून एका छोट्या पट्टीवर रक्ताचा थेंब. त्या एकाच पट्टीवर एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही कळतं. सिस्टरने आधी विचारलं, “करू ना?” मी हो म्हटलं. पंधरा-वीस मिनिटं थांबायला सांगितलं.

पट्टी बघून सिस्टर काही बोलली नाही. सासू शेजारीच बसली होती. थोड्या वेळाने “हिचं वजन परत घ्यायचंय” म्हणून तिने मला आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. म्हणाली, “एचआयव्ही नाही. पण सिफिलिसची रेघ आलीय. ही पट्टी नुसती चाळणी आहे. खरं काय ते मोठ्या दवाखान्यात रक्त दिल्यावर कळेल. औषध आहे, बाळ वाचतं. पण उशीर करू नको.” तिने चिठ्ठी लिहिली आणि घडी घालून माझ्या हातात दिली. कार्डावर सगळ्यांना दिसेल असं काहीही लिहिलं नाही. तिचे मी किती उपकार मानते ते सांगता येणार नाही. तीच गोष्ट ती बाहेर सगळ्यांसमोर बोलली असती तर मी पुन्हा त्या अंगणवाडीत गेले नसते.

त्या रात्री झोप आली नाही. आदल्या वर्षी भिवंडीत असताना माझं एक बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. तेव्हा कुठे नाव नोंदवलेलं नव्हतं, रक्त तपासलेलं नव्हतं. गावात कोणी नजर म्हणालं, कोणी माझ्या जड काम करण्यावर बोट ठेवलं. आता अंधारात पडल्यापडल्या मी सारखी तेच जोडत होते.

१ जुलैला, सोमवारी, तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात गेले. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. पण आमच्या पाड्यापासून फाट्यापर्यंत एसटी नाहीच, तिथवर जीप, आणि जीप भरल्याशिवाय सुटत नाही. सकाळी सहाला निघाले, खिडकीवर पोचले तेव्हा साडेदहा वाजले होते. केसपेपर फुकट निघतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत नोंदणी, तपासण्या, उपचार सगळं मोफत आहे. कोणी पैसे मागितले तर पावती मागा.

खिडकीवर “काय होतंय?” असं विचारतात. मागे रांग असते, ओळखीची माणसं असतात. तिथे आजाराचं नाव घ्यायची गरज नाही. “गरोदर आहे, आयसीटीसीला दाखवायचंय,” एवढं पुरतं. आयसीटीसी म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, गरोदर बायका तिथे रोज जातात, त्यामुळे कोणाला वेगळं वाटत नाही. काही रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ अशी पाटी असते, गुप्तरोगाची तपासणी आणि औषधं तिथे मिळतात. आमच्या तालुक्याला दोन्ही एकाच बोळात आहेत.

आधी एका टेबलावर नोंद झाली. तिथल्या माणसाने विचारलं, “लग्नाला किती वर्षं झाली?” मी म्हटलं, “तीन वर्षं एकत्र राहतो. लग्न अजून लागलं नाही.” त्याने पेन खाली ठेवून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शेजारच्याला म्हणाला, “मग असंच होणार.” आमच्यात आधी संसार सुरू होतो आणि गाठीला पैसा जमला की धवलेरी बोलावून लग्न लावतात. कधीकधी पोरं मोठी झाल्यावर आईबापाचं लग्न लागतं. आमच्या घरच्यांच्या, पाड्याच्या मान्यतेने आम्ही राहतो. हे त्या माणसाला समजावत बसायची ताकद माझ्यात त्या दिवशी नव्हती. आज लिहून सांगते, की त्या टेबलावरची असली एक नजर बाईला बोळाच्या टोकावरून परत पाठवते, आणि परत गेलेल्या बाईच्या पोटात बाळ असतं.

आतल्या समुपदेशक ताई मात्र वेगळ्या होत्या. त्यांनी तोच प्रश्न विचारला, उत्तर ऐकलं, ‘सोबत राहतात’ असं लिहिलं आणि पुढे गेल्या. त्यांनी दार लावून घेतलं, सासूला बाहेर बसायला सांगितलं. एचआयव्हीच्या पक्क्या तपासणीसाठी संमतीची सही घेतली. संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही आणि रिपोर्ट दुसऱ्याला सांगता येत नाही, असा २०१७ चा कायदा आहे, तो त्यांनी साध्या शब्दांत सांगितला. मग विचारलं, कधी जखम झाली होती का, अंगावर पुरळ आलं होतं का, अंगावरून पांढरं जातं का, आधी बाळ गेलंय का. शेवटच्या प्रश्नाला मला रडू फुटलं. त्या थांबल्या. पाणी दिलं. म्हणाल्या, “ते यानेच गेलं का, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. या वेळचं आपल्या हातात आहे.”

त्यांनी मला जे समजावलं ते माझ्या शब्दांत लिहिते. सिफिलिसला आपल्याकडची जुनी माणसं गरमी म्हणतात. पहिली जखम होते ती बहुतेक वेळा दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येते. बाईला ती आतल्या बाजूला झाली तर कळतही नाही. जखम गेली तरी जंतू रक्तात राहतो, वर्षानुवर्षं काही त्रास न देता. गरोदरपणात तो वारेतून बाळापर्यंत जातो. मग गर्भ पडतो, बाळ पोटात जातं, किंवा आजार घेऊनच जन्मतं. मला काहीच होत नव्हतं. पट्टी लावली नसती तर मला कधीच कळलं नसतं.

दंडातून रक्त घेतलं. दोन दिवसांनी, ३ जुलैला रिपोर्ट: व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे रक्तात आजाराची खूण दिसली, प्रमाण १:१६. एचआयव्ही निगेटिव्ह. १:१६ हा आकडा नीट जपून ठेवायचा, कारण औषध लागू पडलं का ते पुढे याच आकड्यावरून कळतं. १:१६ वरून १:४ किंवा त्याखाली आलं, म्हणजे चौपटीने उतरलं, की उपचार लागू पडला असं धरतात. व्हीडीआरएल कधीकधी दुसऱ्याच कारणाने, मलेरियासारख्या तापानेही, खोटं रिअ‍ॅक्टिव्ह येतं. म्हणून टीपीएचए नावाची दुसरी तपासणी करतात. तिचा नमुना बाहेर पाठवला, तो रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले. पण डॉक्टर म्हणाले, गरोदर बाईत वाट बघत बसायचं नाही, इंजेक्शन आधी सुरू करायचं.

इंजेक्शनचं नाव बेंझाथिन पेनिसिलिन. एका वेळी २४ लाख युनिट. आजार किती जुना ते ठाऊक नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीन वेळा. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळेल या आशेने मी ४ तारखेला तिथे गेले, तर उत्तर मिळालं, “रिअ‍ॅक्शन आली तर जबाबदारी कोणाची? आम्ही देत नाही.” पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी काहींना असते हे खरं, पण त्यासाठी आधी टेस्ट डोस देतात आणि रिअ‍ॅक्शन आवरणारं अ‍ॅड्रेनालिन हाताशी ठेवतात. नुसत्या भीतीने नाही म्हटलं की पुन्हा तालुका, पुन्हा एक दिवसाची मजुरी.

५ तारखेला दिराने बाजारातल्या एका खासगी डॉक्टरकडे नेलं. दिराला मी फक्त ‘रक्तात दोष’ सांगितला होता. डॉक्टरने चिठ्ठी वाचली, गोळ्या लिहून दिल्या, इंजेक्शनची गरज नाही म्हणाला. फी आणि गोळ्या मिळून ४५० रुपये गेले. मी समुपदेशक ताईंना फोन केला. त्यांनी लगेच सांगितलं की या गोळ्या वारेपलीकडे पुरेशा पोचत नाहीत, गरोदर बाईला आणि बाळाला बरं करणारं औषध पेनिसिलिनच. हे वाक्य पाठ करून ठेवण्यासारखं आहे. तुम्ही गरोदर असाल आणि कोणी फक्त गोळ्या दिल्या तर तेवढ्यावर थांबू नका.

आता नवऱ्याचं. ताईंनी बजावलं होतं, “फोनवर सांगू नको. समोर बसून सांग. आणि जमलं तर इथे घेऊन ये, मी सांगते.” शिवाय आमच्या पाड्यात फोनला रेंज टेकडीवरच्या आंब्याखाली येते, तिथे चार माणसं कायम उभी असतात. मी एवढंच बोलले, “बाळासाठी तुझं रक्त लागणार आहे, सुट्टी काढून ये.” ६ जुलैला, शनिवारी रात्री तो आला. सासू झोपल्यावर ओटीवर बसून मी सांगितलं.

पहिल्यांदा तो म्हणाला, “मला काही झालेलं नाही.” मग बराच वेळ गप्प. मग त्याने विचारलं, “तुझ्याकडून आलं असेल का?” मला वाटलं उठून माहेरी निघून जावं. रविवारचा सगळा दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्याने शेताचा बांध घातला, मी भाकरी बांधून दिली, बस. संध्याकाळी तो आपणहून जवळ आला आणि म्हणाला की माझ्याशी घरोबा करायच्या आधी, वीटभट्टीवर असताना त्याला एक जखम झाली होती. दुखली नाही, भरून आली, म्हणून कोणाला सांगितली नाही. मी त्याला पुढे काही विचारलं नाही. विचारायचं मनात आलं होतं. पण त्या घडीला मला उत्तरापेक्षा मंगळवारी तो माझ्यासोबत जीपमध्ये बसायला हवा होता.

९ जुलैला दोघं गेलो. समुपदेशक ताईंनी त्याला अर्धा तास वेगळं बसवलं. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता, पण ताठरपणा गेला होता. ताईंनी दोघांना एकत्र बसवून सांगितलं, “कोणाकडून कोणाला आलं, ते कोणत्याही रिपोर्टवर लिहिलेलं नसतं. मी शोधणार नाही, तुम्हीही शोधू नका. दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायचं. एकाने घेतलं आणि दुसऱ्याने नाही, तर बरा झालेल्याला परत होतं.” दोघांचे तीन डोस होईपर्यंत आणि नंतरही काही दिवस जवळ यायचं नाही, मग निरोध. निरोध तिथेच फुकट मिळतात, न मागता टेबलावरच्या डब्यातून घेता येतात. नवऱ्याचं रक्त १:८ आलं.

इंजेक्शनबद्दल सविस्तर सांगते, कारण मला त्याचीच सर्वांत जास्त भीती होती. आधी हाताच्या कातडीखाली थोडंसं औषध टोचून अर्धा तास बसवतात. लाली, सूज, खाज आली नाही की मग खरं इंजेक्शन. बाटलीतली पावडर पाण्यात कालवतात, ते दाट पांढरं होतं, सुई जाड असते. १२ लाख एका कुल्ल्यात, १२ लाख दुसऱ्यात, सावकाश. दुखतं. खोटं सांगणार नाही, पाय जड होऊन तासभर नीट चालता येत नाही. उपाशी जाऊ नका, आणि त्या दिवशी बरोबर कोणीतरी असू द्या.

डॉक्टरांनी मला एक रात्र दाखल करून घेतलं. पहिल्या डोसनंतर जंतू एकदम मरतात तेव्हा काहींना चोवीस तासांत थंडीताप येतो, अंग ठणकतं, गरोदर बाईला कळाही येऊ शकतात. मला रात्री नऊला हुडहुडी भरली, ताप १०२ वर गेला. आधी सांगितलेलं होतं म्हणून घाबरले नाही. पॅरासिटामॉल दिलं, बाळाचे ठोके दोनदा पाहिले, पहाटे ताप उतरला. हा ताप म्हणजे अ‍ॅलर्जी नाही. हे माहीत नसलं तर बाई दुसऱ्या डोसला जाणारच नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

नवऱ्याला पहिला डोस त्याच दिवशी मिळाला. पुढच्या दोनांसाठी त्याला भिवंडीच्या सरकारी रुग्णालयाच्या नावाने चिठ्ठी दिली. सुरक्षा क्लिनिकमध्ये गावचा दाखला, आधार, पत्ता यांवरून अडवत नाहीत. तो रात्रपाळी करून सकाळी गेला, दोन्ही डोस वेळेवर घेतले, केसपेपरचा फोटो मला पाठवला. आपल्याकडची किती माणसं दिवाळीनंतर भट्टीवर, रेतीवर, गोदामावर जातात आणि पावसाळ्यातच परततात. ‘गावी गेल्यावर बघू’ म्हणत राहिलं तर सहा महिने निघून जातात. चिठ्ठी घ्या आणि जिथे काम आहे तिथेच औषध घ्या.

गरोदर बाईच्या दोन डोसमधलं अंतर फार वाढलं तर चालत नाही. सात दिवस उत्तम, नवाच्या पुढे गेलं तर पहिल्यापासून पुन्हा तिन्ही डोस. आमच्याकडे जुलैत ओढ्याची फरशी कधी पाण्याखाली जाईल सांगता येत नाही. म्हणून १६ तारखेच्या डोससाठी मी १५ लाच निघून तालुक्याला मावशीकडे राहिले. त्या रात्री खरंच फरशीवरून पाणी गेलं. तिसऱ्या डोसलाही आदल्या दिवशीच गेले, तर २३ तारखेला औषधाच्या खोलीत सांगितलं, “साठा संपलाय, शुक्रवारी या.” शुक्रवार म्हणजे दहावा दिवस. मी खिडकीवरून हटले नाही, ताईंना बोलावलं. त्यांनी दोन-तीन फोन केले, दुसऱ्या रुग्णालयातून बाटल्या मागवल्या, २४ ला दुपारी मला डोस मिळाला. दुसरा डोस घेताना तिसऱ्याच्या बाटल्या आपल्या नावाने बाजूला ठेवायला सांगा. केसपेपरवर तसं लिहूनच घ्या.

याच दिवसांत सासू मला भगताकडे घेऊन गेली. मी नाही म्हटलं नाही. त्याने तांदळाचे दाणे पाहिले, देवाचं काही करायला सांगितलं, मुळीचा काढा दिला. मी त्याला सरळ सांगितलं की दवाखान्यात सुया चालू आहेत. तो म्हणाला, “मग सुई सोडू नको, काढा राहू दे.” या म्हाताऱ्याच्या बोलण्याने सासूचं मन शांत झालं, नंतर तिने एकदाही दवाखान्याला विरोध केला नाही. आपल्या भगतांना हे आजार नीट समजावले तर ते बायकांना वेळेवर पाठवतील, असं मला मनापासून वाटतं.

बोळातल्या बाकावर बसून बसून इतर बायकांशी ओळख झाली. बहुतेकींचं दुखणं वेगळंच होतं: पांढरं जाणं, खाज, ओटीपोटात दुखणं, काहींचं वर्षानुवर्षांचं. त्यांना रंगीत पाकिटातून औषध मिळत होतं. लक्षणाप्रमाणे पाकिटाचा रंग ठरतो, पांढऱ्या पाण्याला हिरवं, ओटीपोटाच्या दुखण्याला पिवळं, म्हणजे रिपोर्टसाठी पुन्हा खेटा नको. काही पाकिटं जोडीदारालाही घ्यायला देतात. एक कातकरी बाई पाकीट पदरात लपवत मला म्हणाली, “हे बाईपणाचंच असतं असं वाटायचं गं.” नंतर ताईंनी सांगितलं की डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या, ते काम १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. मी जन्मायच्या आधीचं काम आहे ते. तो बाक बघून मला वाटलं, अजून किती जणी पाड्यावरच बसून असतील.

पुढचे महिने त्या मानाने शांत गेले. टीपीएचए पॉझिटिव्ह आलं, म्हणजे आजार खराच होता. सोनोग्राफी सरकारीत मोफत असते, पण ती करणारे डॉक्टर ठरावीक दिवशीच येत, एकदा ते आले नाहीत म्हणून बाहेर ९०० रुपये मोजले. बाळाची वाढ बरोबर होती. ऑक्टोबरमध्ये माझं व्हीडीआरएल १:४ वर उतरलं. त्या दिवशी मी भिवंडीला फोन करून नुसतं “चारवर आलं” एवढंच म्हटलं, आंब्याखाली माणसं होती ना. त्याला कळलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आरोग्य केंद्राच्या माहेरघरात राहायला गेले. लांबच्या पाड्यावरच्या गरोदर बायकांना तिथे आधीच येऊन राहता येतं, जेवण मिळतं. पण माझी प्रसूती तालुक्यालाच करायची ठरली होती, बाळाचं रक्त तिथे तपासता येणार होतं म्हणून. १४ नोव्हेंबर २०२४ ला मुलगी झाली, २ किलो ६०० ग्रॅम. पोहोचता क्षणी माझी फाइल मी सिस्टरच्या हातात दिली. बाळंतपणाच्या घाईत कोणी जुने कागद शोधत नाही, ते आपणच पुढे करायचे.

बाळाचं रक्त नाळेतलं नको, बाळाचंच घ्यावं लागतं. तिचं १:२ आलं, माझं १:४ होतं. डॉक्टरांनी अंग, कातडी, पोट, डोळे सगळं तपासलं, काही नव्हतं. माझा शेवटचा डोस प्रसूतीच्या तीन महिन्यांहून आधी झालेला होता. किमान चार आठवडे आधी तरी व्हावाच लागतो. तिच्या रक्तात जे दिसत होतं ते माझ्याकडून वारेतून गेलेलं असणार, असं डॉक्टर म्हणाले. तरी आम्ही इतक्या लांब राहतो, पुढच्या तपासणीला येणं पावसापाण्यावर अवलंबून, म्हणून एक इंजेक्शन दिलं: किलोमागे ५० हजार युनिट, म्हणजे तिला १ लाख ३० हजार. ती किंचाळली तेव्हा नवरा खोलीबाहेर भिंतीला टेकून रडत होता. त्या दिवसापासून तिच्या प्रत्येक तपासणीला तो सुट्टी काढून आला. अंगावर पाजायला काही अडचण नव्हती, स्तनावर जखम असेल तरच थांबतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मुलीचं १:१ आलं. मे २०२५ मध्ये नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. आईकडून आलेलं सहा महिन्यांत निघून जातं, नाही गेलं तर बाळाला आजार आहे असं समजून उपचार करतात. त्या तीन महिन्यांची वाट बघणं मला इंजेक्शनांपेक्षा जड गेलं. मुलीला साधी सर्दी झाली, अंगावर घामोळं आलं, तरी मी उजेडात नेऊन तिचे तळवे बघायचे.

जुलैमध्ये माझं १:२ आलं, नवऱ्याचं भिवंडीत नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. माझं एवढंसं कायम राहूही शकतं, काहींचं राहतं, त्याला पुन्हा औषध लागत नाही. वाढलं तर मात्र लागतं. आजार एकदा झाला म्हणून परत होत नाही असंही नाही.

टीपीएचए बहुतेकांचं जन्मभर पॉझिटिव्हच राहतं. म्हणजे पुढच्या बाळंतपणात किंवा कुठे रक्त दिलं तर नवा डॉक्टर दचकणार. त्याला सांगायचं: उपचार झालेत, बेंझाथिन २४ लाखांचे तीन डोस, तारखा ९, १६ आणि २४ जुलै २०२४, सुरुवातीला व्हीडीआरएल १:१६, शेवटचं १:२. मी हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय, नवऱ्याच्या मोबाइलमध्ये फोटो आहे, आणि एक झेरॉक्स मावशीकडे. कोणाला प्रत्यक्ष जायच्या आधी विचारायचं असेल तर १०९७ हा फुकटचा नंबर आहे, नाव सांगावं लागत नाही, जवळचं केंद्र कुठे आहे तेही तिथे सांगतात.